गणतीतला येसकर

"येसकर!"

ठाण्याच्या आवारात सकाळची गणती चालली होती. आम्ही शिपाई रांगेत उभे. हवालदार एकेकाचा बक्कल नंबर पुकारायचा आणि त्या त्या शिपायाचा "हजर" यायचा. सातशे दहा. हजर. सातशे अकरा. हजर. माझा नंबर सातशे बारा. तो त्यानं कधी पुकारलाच नाही. तिथं आला की थांबायचा, मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "येसकर!"

रांग फिसकन हसायची. मी म्हणायचो, "हजर."

येसकर म्हणजे वेशीवर राखणीला बसणारा महार. माझा बाप पैठणकडच्या एका गावात येसकर होता. पोलीस खात्याचा इतिहास सांगणारे निजामाच्या अमिनापासून सुरुवात करतात. मी बापापासून करतो. अमीन घोड्यावरून यायचा, तेव्हा त्याच्यापुढं धापा टाकत पळायचा तो माझा बाप. चोराचा माग काढायचा तो. कचेरीचा सांगावा पोचवायचा तो. नदीत मढं लागलं की बाहेर काढायचं त्यानंच. ना पगार, ना वर्दी. बदल्यात दारोदार हिंडून भाकरी मागायची, ती लोक वरून टाकायचे.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या दिवसांत गावाबाहेरच्या विहिरीत माणसं सापडली. कुणाची होती, कुणी मारली, हे बापाला कुणी सांगितलं नाही. "काढ" म्हणाले, त्यानं काढली. पुढं किती तरी दिवस तो स्वतःच्या हातानं जेवत नव्हता. आई भरवायची.

मग राज्य बदललं. आणखी काही वर्षांनी औरंगाबादच्या ठाण्यावरची उर्दू पाटी उतरली, मराठी चढली. अमीनसाहेबाचा फौजदारसाहेब झाला. सुंभ जळाला, पीळ तसाच राहिला. पण तेव्हा मला हे कळत नव्हतं. मी भरती झालो, वर्दी घालून गावी गेलो. बापानं माझ्या पट्ट्याच्या पितळी बकलावर बोट फिरवलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"ह्याच्यावर काय लिवलंय रं?"

"माझा नंबर हाय."

"जात कुठं लिवलीय?"

"जात नाय लिवत, बा."

"मंग लई चांगलं झालं," तो म्हणाला आणि रडला.

बाकीचे शिपाई कुरकुरायचे, खात्यानं आमचा पार आकडा करून टाकला म्हणायचे. मला तो आकडा नावापेक्षा प्यारा होता. माझ्या सात पिढ्यांत जात न चिकटलेलं तेवढं एकच नाव होतं. आणि हवालदार नेमकं तेच तोंडात घेत नव्हता. तो बड्या शेतकरी घरचा. माझा बाप कोण हे त्यानं कुठून तरी काढलं होतं. गावकी त्यानं तशीच्या तशी ठाण्यात आणून मांडली. बेवारस प्रेत आलं की ड्युटी माझी. ठरलेलंच. कुणी विचारायचंही नाही.

एकदा हर्सूलच्या बाजूला एका मळ्यातल्या विहिरीत बाई सापडली. दुपारची वेळ, काठावर ही गर्दी. दोर सोडला. हवालदार लोकांच्या देखत ओरडला, "उतर येसकर! बापानं शिकवलं आसंलच की!" लोक हसले. खाली एक मेलेली बाई पाण्यावर तरंगतेय आणि वर लोक हसताहेत.

मी उतरलो. तिचं लुगडं सावरून बांधलं, मग तिला दोरात घेतलं. वर आलो. गर्दीच्या जरा बाजूला आमच्याच वस्तीतली एक म्हातारी उभी होती. माझ्या ओल्या वर्दीकडं बघून ती एवढंच बोलली, "आरं लेकरा, सरकारी कापडं घालून बी त्येच का?"

कुणी थोबाडीत मारली असती तर इतकी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी गणती. सातशे अकरा. हजर. "येसकर!"

मी बोललो नाही.

"येसकर!"

रांग हसायची थांबली. शेजारी निजामाच्या वेळचे जुने शिपाई उभे होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते पुटपुटले, "बोल दे ना रे बाबा. एकच तो लफ्ज है."

"त्याच लफ्जात माझा बाप झिजला, चाचा."

हवालदारानं मला गैरहजर लावलं. मी त्याच्या नाकासमोर उभा, आणि गैरहजर! फौजदारसाहेबांकडं नेलं. हे शिकलेल्या घरातले, आवाज कधी चढवायचे नाहीत. "अरे, तो गमतीनं म्हणतो. आणि प्रेताबिताची कामं तुमच्या लोकांना सवयीची असतात, म्हणून तुला देतात. त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?"

हवालदाराच्या शिवीपेक्षा ही गोड समजूत जास्त झोंबली. शिवीला निदान आपण शिवी आहोत हे ठाऊक असतं.

"साहेब, सवय नाही. सक्ती होती."

"एका शब्दासाठी नोकरी घालवणार आहेस?"

"शब्द एकच आहे, तर तो तुम्ही सोडा. माझा बक्कल नंबर पुकारा. प्रेताची ड्युटी पाळीपाळीनं सगळ्यांना लावा. माझी पाळी आली की मी उतरीन."

मला दंडाची कवायत मिळाली. उन्हात बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. रोज सकाळी तीच हाक, रोज माझं गप्प राहणं, रोज कवायत. ओकाऱ्या झाल्या, मैदानात पडलो. उठवून पुन्हा पळवलं. शेवटी वैतागून फर्दापूरच्या चौकीवर बदली केली. चला, सुटलो, असं मला वाटलं.

तिथली पहिली गणती. नवा हवालदार, कधी तोंड न पाहिलेला. नंबर पुकारत आला, माझ्यापाशी थांबला, हसला. माझ्याआधी ती हाक तिथं पोचली होती.

"येसकर!"

येरे माझ्या मागल्या.

मी त्याच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो. तेव्हाच कळलं की ही एका ठाण्यातली गोष्ट नाही, कुठंही बदली मागून सुटका नाही. मग ठरवून टाकलं. हाकलतील तर हाकलू देत. पट्टा काढून टेबलावर ठेवीन आणि खडी फोडायला जाईन. माणूस बुडत असेल तर विहिरीत उडी टाकीन, कुणी सांगायचीही वाट बघणार नाही. पण त्या हाकेला ओ देणारं आमच्या घरात आता कुणी हजर नाही.