दोन माणसांचा एक रिव्ह्यूअर

"मॅडम, दोन्ही मॉडेलचं एकमत आहे. आता आणखी काय तपासायचं?" निखिल म्हणाला. हा माझा मॅनेजर, माझ्या मुलाच्या वयाचा.

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात लसींबद्दलच्या अरबी पोस्ट येत. प्रत्येकीला लेबल लावायचं: लसीच्या बाजूने, विरोधात, की नुसती चौकशी. लेबल लावायचं काम दोन लँग्वेज मॉडेलचं, म्हणजे मजकूर वाचून उत्तर देणाऱ्या दोन प्रोग्रॅमचं. क्लायंट आरोग्याचं काम करणारी संस्था. लोक लसीला कुठे बिचकतात ते ती यावरून ठरवणार होती. मी क्वालिटीत. आधीची अठरा वर्षं चाकणला गिअर तपासण्यात गेली. इथे प्रोबेशनवर होते. प्रोजेक्ट फसलं तर मी घरी, हे निखिलने गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

"दोन गेज सारखेच झिजले की मापही सारखंच चुकवतात," मी म्हणाले. "अरबी येणारा माणूस लागेल."

टीममध्ये असा कुणीच नव्हता. मी माझी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या रफिकभाईंना गाठलं. बारा वर्षं आखातातल्या गॅरेजात काढून ते चिखलीत परतले होते. अरबी फाडफाड बोलत. शनिवारी आले, स्क्रीनकडे बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"ताई, बोलता येतं. वाचायला कुठं शिकलो?"

मी विचारलंच नव्हतं. ड्रॉइंग न बघता कधी पार्ट पास केला नाही, आणि इथे ही तऱ्हा. स्वतःचाच राग आला.

रफिकभाईंनीच फोन करून हाफिजसाहेबांना बोलावलं. ते मदरशात अरबी शिकवतात. वाचन सुरेख, पण त्यांची अरबी ग्रंथांतली. बाजारातलं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जाई. मग ठरलं: हाफिजसाहेब वाचणार, रफिकभाई अर्थ सांगणार, मी लिहिणार.

तिसऱ्याच पोस्टला रफिकभाई हसत सुटले. मजकूर असा: लस बनवणाऱ्यांचं देव भलं करो, दंड इतका सुजलाय की आता उशी लागत नाही. दोन्ही मॉडेलचं लेबल: लसीच्या बाजूने.

"टोमणा मारतोय तो," रफिकभाई म्हणाले.

"दुआ मात्र शुद्ध आहे," हाफिजसाहेब गंभीरपणे म्हणाले.

संध्याकाळपर्यंत असे टोमणे ढिगाने निघाले. मग क्लायंटचा फॉर्म भरायला बसलो. त्यात विचारलं होतं: दोन रिव्ह्यूअरनी वेगवेगळं बसून तपासलं का?

"हो लिहा ना," निखिल म्हणाला.

"वेगवेगळे बसवले तर दोघांचाही उपयोग शून्य."

मी खरं ते लिहिलं: माणसं दोन, रिव्ह्यूअर एक. सोबत सगळे टोमणे जोडले. मेल पाठवल्यावर दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

उत्तर आलं. टोमण्यांसाठी वेगळं लेबल करा, काम चालू ठेवा. फक्त नियमाप्रमाणे दुसरा रिव्ह्यूअर हवा.

निखिलने माझ्या हातात कन्फर्मेशन लेटर ठेवलं. "मॅडम, तेवढा अजून एक माणूस आणा."

"एक नाही, दोन."

सध्या मी चिखलीतली गॅरेजं पालथी घालतेय. आधी विचारते, अरबी वाचता येतं का. येतं म्हणाला, तर लगेच विचारते, समजतं का.