दिवाणामागचा तेलाचा डाग

आधीच सांगते, भूतबित, आत्मे वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथले अनुभव मी भाजी निवडता निवडता वाचते आणि हसते. पण हा प्रकार आठवला की आजही माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितेय.

पंचवटीत हिरावाडीला आमचं दोन खोल्यांचं बैठं घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर बसून, भिंतीला डोकं टेकून पेपर वाचायचे. आई चहा घेऊन समोरच्या खुर्चीत. ती घरीच माक्याचं तेल करायची आणि अण्णा ते डोक्यावर असं थापायचे, की भिंतीवर ताटलीएवढा डाग पडला होता. त्यावरून दोघांची रोज जुंपायची! ९७ साली अण्णा गेले. आईने तेल करणं सोडलं, पण सकाळचा चहा त्या डागासमोरच घ्यायची. तेवढी वेळ गेली की मग दिवसभर बरी असायची.

पुढच्या दिवाळीआधी मी रंगकामाला घोटीचा एक कॉन्ट्रॅक्टर ठरवला. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. दहादा बजावलं, "दिवाणामागच्या भिंतीला हात लावायचा नाही."

"नाय लावत ताई, काळजीच नको."

आणि मी ऑफिसात, आई देवळात असताना या महाभागाने नेमकं तिथलंच प्लास्टर विटेपर्यंत फोडलं! वर मलाच ऐकवतो, "तेलावर रंग बसत नाय ओ. आन् लय घाण दिसत होतं, पाहुणे काय म्हणतील?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मलबा केव्हाच उचलून नेला होता. नवं प्लास्टर झालं, रंग झाला. आईने दुसऱ्या दिवशी चहा तसाच मोरीत ओतला. हळूहळू जेवणही सुटत चाललं... "कुणासमोर बसू गं?" एवढंच म्हणाली.

दिवाळी झाली आणि एका सकाळी डाग परत! त्याच जागी, तेवढाच. मी रागारागात भाऊसाहेबाला बोलावून घेतलं — रंगात भेसळ केलीस म्हणून. त्याने बोट फिरवलं, वास घेतला. माका!

"ताई, विटा मी माझ्या हाताने घासल्यात," एवढं बोलून गेला, तो आमच्याकडे राहिलेली शिडी न्यायलासुद्धा परत आला नाही.

घरात माक्याच्या तेलाचा थेंब नव्हता. मी आईवरच संशय घेतला.

"मी?" ती हसली. "जन्मभर त्या डागापायी ह्यांच्याशी भांडले, आता मीच तो पाडीन होय?"

आणि चहा प्यायली. ती २००४ मध्ये जाईपर्यंत रोज तिथेच प्यायली.

तेराव्याला पाहुणे पांगले आणि मी दिवाणावरची चादर बदलायला गेले, तर भिंत स्वच्छ. डाग नाही, वास नाही, भाऊसाहेबाने दिलेला रंग जसाच्या तसा.

तेल विटेत मुरलं असेल म्हणणाऱ्यांनी मग ते गेलं कसं तेही सांगावं. मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. भाऊसाहेबावरचा राग केव्हाच गेला. राग आहे तो अण्णांवर. त्याच घरात मीही राहते, त्याच खुर्चीत बसून चहा घेते, रोज. आईसाठी इतकी वर्षं थांबलात ना, अण्णा? मग माझ्यासाठी एक सकाळ थांबायला काय झालं होतं?