मापावरची मूठ

पेणच्या बाजाररस्त्यावर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, गोदूबाई एकतीस वर्षं बसली. त्याआधी त्याच जागी तिची सासू बसायची. पुढ्यात सोललेल्या वालांची पाटी, शेजारी जाड्या मिठाचं पोतं, उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा. वाल मोजायला सासूचंच पितळी माप होतं. ते शिगोशीग भरून ती पिशवीत ओतायची आणि वर एक मूठ टाकायची. "ही मास्तरीनबायची," म्हणायची. मास्तरीणबाई म्हणजे माझी बायको मालती. मी कितीही तोंड वाकडं करून घासाघीस केली तरी ती मूठ कधी चुकली नाही.

मी शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर. कुरकुरा माणूस. शिकवायला मुलं उरली नाहीत तेव्हा मी गावाच्या चुका काढायला लागलो.

गोदूबाई खाडीकाठच्या खारेपाटातली. नवरा जनू मिठागरावर कामाला होता. मिठागर बंद पडलं, पुढे एका उधाणात बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं आणि भात कायमचं गेलं. जनू त्यानंतर दोन वर्षंही जगला नाही. गोदूबाईने मात्र भल्या सकाळी वाल सोलून पहिल्या एस्टीने पेण गाठायचं सोडलं नाही. त्या जागेवर बसून तिने लेकीला बारावीपर्यंत शिकवलं आणि रोह्याला दिलं. जागा कसली, साडेतीन-चार फूट रस्त्याची कड. तिचाही काही कागद नव्हता. सासूने बसवलं म्हणून ती बसली.

दोन वर्षांपूर्वी मालतीचा पाय दुखावला. तिला स्कूटरवरून डॉक्टरकडे नेलं, तर परत येताना गल्लीजवळ स्कूटर टेकवायला वीतभर जागा नाही. लांब लावून तिला हळूहळू चालवत आणलं. माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी पालिकेला अर्ज लिहिला. 'रस्त्यावर बसणाऱ्यांमुळे नागरिकांस वाहने उभी करणे अशक्य झाले असून' वगैरे. भाषा फक्कड जमली होती. गल्लीतल्या सव्वीस जणांच्या सह्या घेतल्या आणि पुरावा म्हणून मोबाइलवर रस्त्याचा फोटो काढून जोडला. फोटोत सगळ्यात पुढे गोदूबाई. मान खाली, आणि मूठ कुणाच्या तरी पिशवीवर धरलेली. तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

अशा अर्जांचं काही होत नाही हा माझा आयुष्यभराचा अनुभव. या वेळी झालं. सभेत ठराव आला, रस्त्याच्या एका बाजूला पार्किंगचे पट्टे आखायचे आणि बसणाऱ्या बायकांना नव्या मंडईत पहिल्या मजल्यावर ओटे द्यायचे. कुणाला ओटा द्यायचा हे ठरवायला एका दिवशी सर्वेक्षण. जो ज्या जागेवर दिसेल त्याचं नाव, फोटो, आणि झालं.

आता त्या बायकांची एक रीत आहे. कुणाच्या घरी मयत झालं तर तेराव्यापर्यंत तिची जागा मोकळी पडू देत नाहीत. रोज एकीने आपल्या जागेवर पाटी उपडी घालायची आणि तिच्या जागेवर बसून तिचा माल विकायचा. त्या आठवड्यात धोंडुबाईचा नवरा वारला होता. धोंडुबाईची जागा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, औषधांच्या दुकानापाशी. सर्वेक्षणाची माणसं आली त्या दिवशी पाळी गोदूबाईची होती.

माणसाने विचारलं, "ही जागा कोणाची?"

"धोंडुबायची."

"नाव सांगा."

"धोंडुबाय."

त्याने फोटो काढला आणि पुढे गेला. स्वतःचं नाव का नाही सांगितलंस, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "दुसरीच्या जागंवर बसून आपलं नाव कसं सांगायचं, मास्तर? तिच्या घरात मयत झालेलं." सर्वेक्षणाची माणसं आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याआधीच येऊन गेली होती. गोदूबाईच्या जागेवर त्यांना एक उपडी पाटी दिसली. पाटीला नाव नसतं.

यादी लागली तेव्हा धोंडुबाईच्या नावापुढे गोदूबाईचा फोटो होता, आणि गोदूबाई कुठेच नव्हती. दुसरी कुणी असती तर गप्प राहून ओटा घेतला असता. हिने धोंडुबाईला हाताला धरून पालिकेत नेलं आणि सांगितलं, "ओटा हिचा हाय. माजा फोटू काढून हिचा लावा." तो बदल लगेच झाला. मग तिने विचारलं, "आनि माजी जागा?" तेव्हा सांगण्यात आलं की पंधरा दिवसांत हरकत नोंदवा, पण पुरावा जोडा. धोंडुबाई रडून सांगत होती की ही माझ्यासाठी बसली होती. पण तोंडी सांगणं पुरावा म्हणून धरत नव्हते.

गोदूबाई अर्ज लिहून घ्यायला कुणाकडे येणार? माझ्याकडेच आली. आमच्या ओटीवर बसली, मालतीने चहा दिला. "मना काय तुमच्यासारखं लिवता येत नाय, मास्तर," ती म्हणाली. मी लिहिलं. मग तिने विचारलं, "त्या जागंवर बसलेला माजा फोटू कोनाकडं आसंल का वो? कोन काढनार म्हना, माजा फोटू."

मोबाइल माझ्या खिशातच होता; मी अर्जाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायला मीच गेलो. तिथे लिपिक म्हणून माझी जुनी विद्यार्थिनी प्रतीक्षा आहे. तिने अर्ज वाचला, मग आवाज खाली आणून म्हणाली, "सर, तुमच्या मागच्या अर्जाच्या फोटोत या बाई स्पष्ट दिसतात. तारीखही सर्वेक्षणाआधीची आहे. तोच लावू या. फक्त सुनावणीला तुम्ही समोर येऊन सांगायचं, की फोटो मी काढलाय."

सुनावणी म्हणजे सभागृहात सगळ्या बायका. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं की फोटो मी काढला, आणि कशासाठी काढला. "बघतो," मी म्हणालो.

सुनावणीच्या दिवशी माझा गुडघा धरला. मालतीला तसंच सांगितलं, तिच्याकडून गोदूबाईलाही तसाच निरोप दिला, आणि दिवसभर कॉटवर पडून राहिलो. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. आयुष्यात मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं केलं आहे.

अर्ज पुराव्याअभावी निकाली निघाला. ते सांगायला गोदूबाई संध्याकाळी घरी आली, म्हणजे मला तसं वाटलं. पण तिने आधी विचारलं, "गुडघा कसा हाय, मास्तर?" हातातली वालांची पुडी मालतीकडे दिली. जाताना दारात थांबून म्हणाली, "तुमी व्हते तर बरं झालं आसतं. तुमाला बोलता येतं."

पट्टे आखले गेले. सुंदर, सरळ, पांढरे. पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी एक चौकोन मोकळा होता आणि मी तिथे स्कूटर लावली. त्या पट्ट्यांमागे माझाच अर्ज होता, कुणाला सांगू?

पावसाळ्यानंतर एकदा मंडईचा जिना चढून धोंडुबाईकडे गेलो. वर गिऱ्हाईक तुरळकच. तिने मला बसायला गोणपाट दिलं. "गोदू गेली रोह्याला लेकीकडं," ती म्हणाली. "म्या म्हटलं गो, ये, आर्ध्या ओट्यावर बस. तर म्हनली, तुझ्याच दोन पाट्या मावत नाय." मी तिच्याकडून पत्ता घेतला.

फोटो मी पेणातच मोठा करून घेतला आणि मेमू गाडीने रोह्याला निघालो. निडी स्टेशन गेल्यावर गाडी रिकामी झाली तशी मनात वाक्यं जुळवायला लागलो. आयुष्यभर वाक्यंच जुळवली. रोह्यात उतरेपर्यंत एकही धड जुळलं नाही.

लेकीचं घर कुंडलिका नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. दारातच गोणपाट टाकून, पितळी माप शेजारी ठेवून गोदूबाई वाल सोलत बसली होती. समोरून कुणी जात-येत नव्हतं. मला बघून ती खुलली. "मास्तर! गुडघा बरा झाला?"

मी फोटो पुढे केला. तिने ओले हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांत धरला. "अगं बाय," ती लेकीला हाक मारून म्हणाली, "बघ, मी जागंवर बसलेली." बराच वेळ बघत राहिली, मूठ, माप, पोतं सगळं बोटाने दाखवत. मग बोट थांबलं.

"ह्यो कदीचा?"

"गेल्या दिवाळीआधीचा."

"म्हंजी शिरगणतीच्या आदीचा."

"होय."

"कोनी काढला?"

"मी."

तिने पुढे काही विचारलं नाही. कशासाठी काढला, हेही नाही. फोटो लेकीच्या हातात दिला. मला वाटलं ती चार शब्द बोलेल, निदान रडेल, म्हणजे मला माफी मागता येईल. ती पुन्हा वाल सोलायला बसली. मी पिशवी पुढे करून म्हणालो, "मालतीसाठी एक माप द्या."

तिने पितळी माप भरलं, शिगोशीग. पिशवीत ओतलं. मी पिशवीचं तोंड उघडंच धरून राहिलो. ती पाटीत हात घालून पुढचा वाल सोलायला लागली होती.