उजेडाची जुडी

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळी उजेड नेमका कसा येतो याची काळजी अख्ख्या अकोल्यात एकाच माणसाला होती, आणि तो माणूस माझ्या मावशीचा नवरा होता. मावसाजी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत आणि उरलेल्या वेळात साध्या मराठी माणसाला क्वांटम समजावणारं पुस्तक लिहीत. उजेड सलग धारेने येत नाही, ठरलेल्या मापाच्या पुडक्यांनी येतो, अर्धं पुडकं नसतंच, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की मावशीने "अर्धी भाकर वाढू?" विचारलं की ते म्हणत, "अख्खी वाढ, नाही तर काहीच नको." मावशी बहुधा काहीच वाढत नसे.

पुस्तकाला त्यांनी स्वतःच एक अट घातली होती. बार्शीटाकळीला त्यांचे थोरले भाऊ भाजीचा मळा करीत. स्वतः दुसरीतच शाळा सोडून, डोक्यावर टोपल्या वाहून त्यांनी मावसाजींना अमरावतीच्या कॉलेजात शिकवलं होतं. त्या भाऊंना समजल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही, ही ती अट. दर रविवारी मावसाजी सायकलला वही बांधून मळ्यावर जात. भाऊ मेथीच्या जुड्या बांधता बांधता मन लावून ऐकत, मठ्ठा पाजत आणि शेवटी मान हलवत. "नाई समजलं बाप्पा. पुढच्या रईवारी अजून सांगजो." घरी येऊन मावसाजी पानं फाडत आणि नव्याने लिहायला बसत. अशी कित्येक वर्षं गेली. एकदा मी सोबत होतो, तेव्हा त्यांनी मेथीचाच दाखला दिला. "भाऊ, तुम्ही मेथी जुडीनंच विकता, अर्धी जुडी देत नाही. उजेडाचंही तसंच." मला वाटलं, आता पुस्तक छापलंच. भाऊंनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मेथीचं समजलं. उजेडाचं राह्यलं."

एका उन्हाळ्यात भाऊ गेले. तेरावं झाल्यावर मावसाजी वहिनींपाशी बसून म्हणाले, "ज्याच्यासाठी लिहिलं, त्यालाच मला समजावता आलं नाही."

"कोन म्हनते?" वहिनी म्हणाल्या. "बजारात कोनी अर्धी जुडी मांगितली का हे सांगत, बाई, उजेड बी अर्धा भेटत नाई, माह्या भावानं लिहून ठेवलं हाय."

"मंग मले कावून नाई सांगितलं?" मळ्यातली बोली मावसाजींच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"समजलं म्हटलं असतं त तुमी दर रईवारी कायले आले असते?"

पुस्तक पुढे छापलं गेलं. खरं सांगायचं तर ते फारसं कोणाला समजलं नाही. पण रविवार उजाडला की मावसाजी सवयीने सायकल काढत, वही बांधत आणि फाटकापाशी थांबत. मग वही सोडून घरात येत.