नेड धावला ते पान

फोन आला तेव्हा मी जर्मनीत, एश्बॉर्नच्या ऑफिसात होते. "हे गेले गं," एवढंच काकू म्हणाल्या. माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. ते पान आता काकांना कधीच वाचून दाखवता येणार नाही, हा होता. पाच आठवडे झाले… अजून तोच आहे.

श्रीधरकाका माझ्या वडिलांचे कॉलेजमित्र. गेर्लिंगेनजवळच्या एका कारखान्यात पंपांची डिझाइनं करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्याआधी, तरुणपणी, ते प्रशिक्षणासाठी इंग्लंडात, लँकेशरमधल्या एका गिरणीच्या गावात राहिले होते. तिथल्या घरमालकीणबाईंचे आजोबा नेड हे विणकर, आणि पैसे घेऊन फुटबॉल खेळणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी एक. बाईंनी सांगितलेलं सगळं काकांनी वह्यांत उतरवलं आणि निवृत्तीनंतर नेडचं चरित्र लिहायला घेतलं. मराठीत.

"जर्मनीत बसून इंग्रज विणकराचं चरित्र, तेही मराठीत. वाचणार कोण, अहो?" काकू विचारायच्या.

"तू वाच की."

"मला अजून ऑफसाइड कळत नाही."

"नेडलाही कळत नव्हता."

मी पत्रकांत वाढले. वडील पिंपरीत युनियनचं काम करायचे. शाळेतून आलं की आधी पत्रकांच्या घड्या, मग गृहपाठ. त्यामुळे काकांच्या वह्या वाचताना मला नेड दिसलाच नाही, अन्याय दिसला. खेळाडूला पैसे देणं निषिद्ध होतं तेव्हा क्लबनं त्याला गिरणीत नावापुरती नोकरी दिली. पैसे देणं कायदेशीर झालं, तर त्याची नोंदणी क्लबनं आपल्याकडे ठेवली. क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळायची सोय नाही. गुडघा मोडला तसा पगार बंद झाला, नोंदणी मात्र सुटली नाही. तो लंगडत असला तरी एक लहान क्लब त्याला घ्यायला तयार होता… त्याला जाऊ दिलं नाही. त्याच गिरणीत झाडू मारत तो म्हातारा झाला. आणि माझ्या ऑफिसात पुण्याहून आणलेली मुलं बसत होती, ज्यांचा व्हिसा त्या एकाच कंपनीला बांधलेला होता. नोकरी बदलायचं नाव काढलं की त्यांचे चेहरे उतरत. मी नेडचं आयुष्य चार पानांच्या पत्रकात बसवलं आणि कर्मचाऱ्यांच्या सभेत वाटलं. आजही म्हणते, त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

काकांनी पत्रक शांतपणे वाचलं. चष्मा काढून म्हणाले, "अगं, ह्यात नेड एकदाही धावत नाही."

"खेळाचं वर्णन कशाला, काका? मुद्दा शोषणाचा आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग त्याच्याकडून काय हिरावून घेतलं, ते दाखव ना."

मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून गिरणीतले विणकर आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत. नेड आणि त्याचा शेजारच्या मागावरचा मित्र मैदानाच्या दोन टोकांवरून तसेच बोलायचे, आणि चेंडू कुठे जाणार हे समोरच्यांना शेवटपर्यंत समजायचं नाही. हे वह्यांत होतं. मी गाळलं. जागा नव्हती म्हणून नव्हे; राबवला जाणारा माणूस सुखातही असतो, हे माझ्या पत्रकाला गैरसोयीचं होतं.

मग काकांचं दुखणं निघालं. स्वादुपिंडाचं, आणि फार उशिरा कळलेलं. पेन धरवेनासं झालं. चरित्रात एकच जागा रिकामी होती, गुडघा मोडण्याआधीचा नेडचा शेवटचा सामना. ती त्यांनी माझ्यावर टाकली. "एकच पान. त्याला धावू दे. मी आहे तोवर वाचून दाखव." मी हो म्हटलं, आणि दीड महिना लिहिलं नाही. लिहायला बसले की तिसऱ्या ओळीत गिरणीमालक यायचा. सुखाची एक ओळ मला जमत नव्हती…

शेवटच्या भेटीत, हॉस्पिटलात, त्यांनी विचारलं, "लिहिलंस?"

"हो."

"वाच."

"लॅपटॉप घरी राहिला, काका."

त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं. चेन अर्धी उघडी होती आणि लॅपटॉपचा कोपरा बाहेर आलेला होता. "बरं," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी आण." गुरुवारी काकूंचा फोन आला. मालकांच्या खोटेपणावर मी आजवर किती लिहिलं. मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले, त्याचं पत्रक कोण काढणार?

गेल्या शनिवारी मी, एकदाचं लिहून झालेलं ते पान घेऊन, गेर्लिंगेनला काकूंकडे गेले. काकूंनी मला काकांच्या खोलीत नेलं, स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. "वाच," म्हणाल्या. मी वाचू लागले आणि दोन ओळींनी थांबले. पुन्हा दोन ओळी, पुन्हा थांबले. काकांना सलग ऐकायची सवयच नव्हती; दोन ओळी झाल्या की त्यांचा हात वर व्हायचा. "थांब, वारा कुठून होता?" "गवत ओलं होतं का?" त्या हातासाठी मी थांबत होते, आणि काकूही वाट पाहत होत्या, हे मला जरा वेळानं कळलं.

"वाच की पुढे," शेवटी त्याच म्हणाल्या. "आता कोण अडवणार आहे?"

मी शेवटपर्यंत वाचलं. त्या पानात वारा कुठून होता हे मी लिहिलेलं नाही… आणि विचारलं कुणीच नाही.