बगीच्यात बासरीला मनाई

माझं आणि सासऱ्यांचं पहिलं भांडण लग्नाच्या आधीच झालं, आणि ते सरकारवरून. मी नागपुरात नंदनवन भागातल्या त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले होते. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते हे कळल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सरकारनं काय काय करावं? तुले काय वाटते?"

"चोर पकडावेत, न्याय द्यावा, आणि मग लोकांच्या वाटेतून बाजूला व्हावं," मी म्हणाले.

हे मत मी नुसतं वाचून बनवलेलं नव्हतं. माझ्या वडिलांचे कामठीला माग होते. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी साहेब यायचा, कुठलातरी परवाना मागायचा, आणि आई घाईघाईनं चांगल्या कपबशा काढायची. बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, म्हणणं नेमकं उलट. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी ते आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला आले होते. राज्यघटना आहे म्हणून आपण माणसात आलो, असं ते मानायचे, आणि घटना चालवायला सरकार दणकट पाहिजे. माझं उत्तर ऐकून मात्र ते खूश झाले. मुलाकडे वळून म्हणाले, "हो म्हण लवकर. घरात भांडायले कोणीतरी भेटलं!"

तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे. भाजी निवडताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना, कधीही.

बाबांनी सगळी नोकरी हिंगण्याच्या एका कारखान्यात केली. कंपनीच्या बसमध्ये वेळ जात नाही म्हणून ते बासरी शिकले. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी घराजवळच्या बगीच्यात कडुलिंबाखाली बसून वाजवायचे. फिरणारे लोक त्यांच्यापाशी आले की आपोआप हळू चालायचे.

मग बगीच्याचं काम निघालं. नवे रस्ते झाले, नवी बाकं आली, आणि फाटकापाशी एक मोठा फलक लागला. गवतावर बसू नये. पळू नये. डबा खाऊ नये. मोठ्यानं हसू नये. वाद्य वाजवू नये. पहिल्याच दिवशी चौकीदार जवळ येऊन म्हणाला, "बाबूजी, बंद करो. ऊपर से ऑर्डर है." हास्य क्लबच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या म्हणे.

बाबा नेहमीपेक्षा लवकर घरी आले. मला आयतीच संधी मिळाली.

"बघा बाबा, हे तुमचं सरकार!"

"माहंच आहे," ते चप्पल न काढताच म्हणाले. "म्हणून तर विचारायले जाऊन राहिलो. चाल, तू बी चाल."

महापालिकेच्या उद्यान कार्यालयातले साहेब माझ्याच वयाचे होते, स्वभावानं भले. त्यांनी आम्हाला बसवलं. "काका, आज तुम्हाला बासरी वाजवू दिली तर उद्या कोणी डीजे घेऊन येईल."

"त्याले थांबवा न! त्याच्यासाठीच तर तुम्ही पाहिजे. माह्या बासरीचा कोणाले तरास झाला का?"

"तक्रार तर नाही आली."

"मग मनाई काहून?"

"खबरदारी म्हणून."

मला राहवलं नाही. "साहेब, खबरदारीच घ्यायची तर माणसांनाच आत येऊ देऊ नका."

साहेब हसले. "तेही एकानं सुचवलं होतं, मॅडम. गवत चांगलं राहतं म्हणे."

तेवढ्यात बाबांनी पिशवीतून बासरी काढली आणि तिथेच वाजवायला लागले. शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून दारात येऊन उभी राहिली. वाजवणं संपल्यावर साहेब म्हणाले, "काका, इथं तरी कुठं परवानगी होती?"

"मनाई लिहेल नव्हती," बाबा म्हणाले.

सगळं कार्यालय हसलं. त्या दिवशी मी आणि बाबा पहिल्यांदाच एका बाजूला होतो. परतताना ऑटोत आम्ही 'खबरदारी म्हणून' असं एकमेकांना म्हणून दाखवत हसत होतो.

काही दिवसांनी फलक बदलला. लाउडस्पीकर लावू नये, जाळ करू नये, झाडं तोडू नयेत, बस्स. हास्य क्लबच्या बायका त्याच्यासमोरच उभ्या राहून मुद्दाम मोठ्यानं हसल्या. चौकीदारही हसला.

पण पुढे खरोखरच एक तक्रार आली. कडुलिंबाजवळच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका डोळे मिटून ध्यानाला बसायच्या. त्या थेट बाबांकडे आल्या. "वाजवता छान हो, पण माझं ध्यान मोडतं."

"मग तुमचं झाल्यावर वाजवतो. डोळे उघडले का हात वर करजा."

तेव्हापासून त्या डोळे उघडून हात वर करायच्या, मग बासरी सुरू व्हायची. पुढेपुढे त्या फर्माइशीही करायला लागल्या आणि सूर चुकला तर तिथल्या तिथे सांगायला लागल्या.

एकदा बगीच्यातून परतताना मी विजयी सुरात म्हणाले, "बघा बाबा. साहेब नाही, फलक नाही. दोन माणसं बोलली आणि मिटलं!"

बाबा चालता चालता थांबले. "आमच्या गावात विहीर होती. माही माय दूर उभी राहे. कोणी वरून पाणी वाढलं तर घागर भरे. ती काय लोकाइशी बोलली नसंन? गोड बोलली, हात जोडले. पण ज्या दिवशी कायद्याचा माणूस बाजूले उभा राहिला, त्या दिवशी तिनं आपल्या हातानं पाणी काढलं. अशा वेळी सरकार वाटेतून बाजूले झालं असतं तर?"

"हे तुमचं खरं, बाबा," मी म्हणाले. मग विचारलं, "हे मी वर्गात सांगू?"

"सांग. पण बासरीचं बी सांगजो. नाहीतर पोरं म्हणतीन, म्हातारा सरकारचा चमचा होता."

आम्ही तर्री पोह्याच्या ठेल्यावर थांबलो. ठेला फुटपाथवर लावू द्यावा की नाही यावरून आमची जुंपली. ठेलेवाल्यानं थोडा वेळ ऐकलं, मग झारा हातात घेऊन तोही वादात उतरला. त्याचं म्हणणं, सरकारनं त्याला तिथून हलवू नये, पण समोरच्या नव्या ठेल्याला मात्र लगेच हलवावं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पाणी द्यायला तो समोरचा ठेलेवालाच धावत आला.