बाबांच्या गप्पांचं खरं कारण

मंडळी, आमचे बाबा देवासच्या टेकडीवर चढताना हल्ली दर वळणाला थांबून कुणाशी तरी गप्पा मारतात. मी नेहमी वैतागायचो.

आज दवाखान्यात टेक्निशियनने त्यांच्या हाताला, मग घोट्यालाही बीपीचा पट्टा बांधला. बाबा त्याला म्हणाले, "भिया, बीपी तो हाथ का देखते हैं ना?" ना सुई, ना दुखणं. निघालं काय, तर डाव्या घोट्याचं बीपी हातापेक्षा कमी, म्हणजे त्या पायात रक्त कमी पोचतंय.

"चलते-चलते पिंडली दुखती है?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा माझ्याकडे बघून मराठीतच म्हणाले, "पोटरी दुखली की थांबतो. कुणी भेटलं तर बरं, थांबल्यासारखं दिसत नाही."



गोळ्या दिल्यात. शिवाय रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं. बाबा खूश! "मग मी वेगळं काय करत होतो?"

तुमच्याकडेही कुणी वाटेत फार गप्पा मारतं का? एकदा पायाचं विचारून बघा. आमच्या बाबांशी उद्यापासून दर वळणाला मीच गप्पा मारणार आहे.